बझरवर जाऊ नका: जुन्या गाडीच्या अर्थिंगचा माझा अनुभव

जुन्या गाडीवर हात साफ करायला घेतलाय म्हणजे मल्टिमीटर तुमच्याकडे असणारच. त्याच्या बझरनेच (दोन टोकं जोडलेली असली की पीं वाजतो तो) मला बुडवलं. आणि अर्थिंग म्हणजे करंटची इंजिन-बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट.

गाडी १९९६ ची, कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, सगळं आयुष्य रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत गेलेली. सकाळी सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) नुसता कण्हायचा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून गिअरबॉक्सपर्यंत बझर लावला, पीं वाजलं, 'अर्थिंग ओके' म्हणून मोकळा झालो. मग नवी बॅटरी घेतली, धडधाकट जुनी एक्स्चेंजमध्ये घालवली. मग सेल्फ खोलून बुश-कार्बन (आतले झिजणारे भाग) बदलले. फरक शून्य. एकदा भाऊ सेल्फ मारत असताना माझा हात क्लच केबलला लागला आणि चटका बसला. सेल्फचा करंट परतायला क्लच केबलची वाट धरत होता! अर्थ केबलचा लग (टोकाचा धातूचा तुकडा) उघडला तर आत हिरवा चुरा आणि तारेचे चार-पाच धागे.

बझर का फसवतो? तपासताना मीटर जेमतेम मिलीअँपिअरभर करंट सोडतो. त्याला एक धागाही पुरतो. सेल्फ शंभरेक अँपिअर ओढतो. जोडात ०.०१ ओहम रेझिस्टन्स असला तरी १०० अँपिअरला १ व्होल्ट तिथेच खर्च होतो. आणि ०.०१ ओहम साध्या मीटरवर दिसतच नाही. म्हणून लोड चालू असतानाच, म्हणजे सेल्फ करंट ओढत असतानाच मोजायचं. दुसरा मार्ग नाही.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर. कॉइलची इग्निशनची बारीक वायर काढून टोकाला टेप गुंडाळा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाच्या शिशावर. क्लॅम्पवर (खांबाला आवळलेल्या केबलच्या टोकावर) नाही, शिशावर! क्लॅम्पवर टेकवलात तर क्लॅम्प आणि खांबामधला गंज मोजणीतून निसटतो. मी तिथेही फसलो होतो. दुसरा प्रोब इंजिनाच्या उघड्या धातूवर. कोणाला तरी पाचेक सेकंद सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, ०.५ च्या वर गेलं तर दोष सापडलाच. मग पहिला प्रोब खांबावरच ठेवून दुसरा खांबाकडून इंजिनाकडे एकेक जोड पुढे सरकवा. आकडा जिथे उडी मारतो, तिथे पाना लावा.

घाबरू नका, दोन-तीन वेळा केलं की दहा मिनिटांचं काम आहे.

'एक जादा अर्थ वायर मारून देतो' म्हणणाऱ्या उस्तादांवर माझा राग आहे. गाडी चालते, पण सडका जोड तसाच राहतो. नुसता आवाज ऐकून 'सेल्फ गेला' सांगणारे तर त्याहून महाग पडतात.

जोड साफ करताना निगेटिव्ह आधी काढा, शेवटी लावा. पॉलिश पेपरने धातू चकचकीत करून बोल्ट आवळा, व्हॅसलीन त्यानंतर वरून. इंडिकेटर लावल्यावर मागचा ब्रेकलाइटही मिणमिणत असेल तर बल्ब बदलत बसू नका, होल्डरचा अर्थ आधी बघा.