इन्क्लूड पीजीएक्सएस : पोस्टग्रेसचं एक्स्टेन्शन बिल्ड करताना या चुका टाळा

पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेससाठी स्वतःचं एक्स्टेन्शन (त्यात भर घालणारा जोडकोड) लिहिलं की मेकफाइल, म्हणजे ते कसं बनवायचं हे 'मेक' या प्रोग्रामला सांगणारी फाइल, अगदी एवढीशी होते. वर चार-पाच व्हेरिएबल, खाली ठरलेल्या तीन ओळी: 'पीजी_कॉन्फिग' (पोस्टग्रेस कुठे, कसा बसवलाय ते सांगणारा प्रोग्राम) कोणता वापरायचा ते सांगायचं, त्याला '--पीजीएक्सएस' विचारून 'पीजीएक्सएस.एमके' या पोस्टग्रेसच्या तयार बिल्ड-फाइलचा पत्ता घ्यायचा आणि ती फाइल इन्क्लूड करायची. कंपायलर कोणता, फ्लॅग कोणते, '.एसओ' (कंपाइल झालेली लायब्ररी) कशी बनते, कुठे जाऊन बसते, हे सगळं त्या इन्क्लूडमधून येतं. बीएसडी युनिक्सवाल्यांनी '/यूएसआर/शेअर/एमके'मध्ये अशीच सोय फार आधीपासून करून ठेवली आहे. सोय उत्तमच आहे. अडचण एवढीच की त्या फाइलच्या आत एकदाही न डोकावता लोक वर्षानुवर्षं काम करतात आणि मग ठरावीक चार-दोन दुखणी घेऊन येतात.

इन्क्लूड सगळ्यात वर नेणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. करणारा माणूस बहुधा शिस्तीचा असतो. सी किंवा पायथनमध्ये इन्क्लूड आणि इम्पोर्ट वर लिहायची सवय, म्हणून मेकफाइल 'नीटनेटकी' करायला घेतो आणि शेवटच्या तीन ओळी उचलून डोक्यावर ठेवतो.

मेक सगळं काम दोन टप्प्यांत करतो. पहिल्या टप्प्यात इन्क्लूडसकट सगळ्या फाइली वरून खाली वाचतो, दुसऱ्या टप्प्यात काय जुनं झालंय ते बघून कमांड चालवतो. 'इफडेफ'सारख्या अटी पहिल्याच टप्प्यात तपासल्या जातात. टार्गेट आणि कोलनपुढची नावंही तिथल्या तिथे उलगडतात. टॅबच्या पुढे लिहिलेल्या कमांड मात्र चालवायच्या क्षणापर्यंत तशाच राहतात. 'पीजीएक्सएस.एमके'मध्ये अटीच अटी आहेत: 'मॉड्यूल_बिग' दिलंय का, 'एक्स्टेन्शन' रिकामं आहे का, 'डेटा'मध्ये (एसक्यूएल स्क्रिप्टच्या यादीत) काही आहे का. तुम्ही ही व्हेरिएबल इन्क्लूडच्या खाली लिहिलीत तर मेक ती वाचतो, पण तोवर सगळ्या अटींचा निकाल लागलेला असतो.

आमच्या ओळखीच्या एका टीममध्ये नवीन आलेल्या मुलाने नेमकं हेच केलं. मेकफाइल साफसूफ केली, मेक चालवला, उत्तर आलं: 'नथिंग टू बी डन फॉर ऑल'. त्याने त्याचा अर्थ घेतला की सगळं झालेलं आहे, करण्यासारखं काही उरलं नाही. एक्झिट कोड शून्य, सीआयवर (बिल्ड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) हिरवी खूण. मग सी फाइलमधला एक बग दुरुस्त करायला बसला. बदल करायचा, मेक, मेक इन्स्टॉल, सर्व्हर रीस्टार्ट, आणि बग जिथल्या तिथे. सर्व्हरच्या लॉगमध्ये छापणारे 'ईलॉग'चे मेसेज घातले, तेही दिसेनात. सर्व्हर काहीतरी कॅश करतोय असं ठरलं. कोणीतरी सांगितलं म्हणून डेव्हलपमेंटचं पॅकेज काढून पुन्हा टाकलं, मग कंपायलर, मग नवीन व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) मागितली. व्हीएम मिळाली, आणि तिच्यावर एक्स्टेन्शन मुळात तयारच होईना. तेव्हा कुठे उलगडा झाला की जुन्या मशीनवर इतके दिवस साफसफाईच्या आधी इन्स्टॉल केलेली '.एसओ'च चालत होती. त्या फाइलची तारीख 'एलएस -एल' करून बघितली असती तर पहिल्याच दुपारी सुटका होती.

यातला खरा वैताग असा की उलटी मेकफाइल कधीकधी अर्धी चालते. इन्क्लूडच्या खाली 'सीफ्लॅग्ज +=' लिहिलं तर ते लागू होतं, कारण ते कमांडमध्ये उलगडतं. 'एक्स्टेन्शन' वर आणि 'डेटा' खाली असेल तर कंट्रोल फाइल (एक्स्टेन्शनची ओळख सांगणारी) जागेवर जाते, एसक्यूएलची स्क्रिप्ट जात नाही, आणि डेटाबेसमधली 'क्रिएट एक्स्टेन्शन' ही कमांड सांगते की या व्हर्जनसाठी ना इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट आहे ना अपडेटचा मार्ग. अशा अर्धवट यशातून मग 'माझ्या मशीनवर खाली लिहिलेलं चालतं' असली मतं पक्की होतात.

माझी सवय सांगतो. व्हेरिएबल वर, मग त्या तीन ओळी, आणि त्यांच्याखाली फक्त माझे स्वतःचे नियम. मेकफाइलला हात लागला की आधी 'मेक -एन इन्स्टॉल'. काहीही न करता काय काय केलं असतं ते हा छापून दाखवतो. '.एसओ' आधीच ताजी नसेल तर कंपायलरची ओळ दिसली पाहिजे, '.एसओ' कॉपी करणारी ओळ दिसली पाहिजे. नाही दिसली तर पुढे जायचं नाही.

स्वतःचे नियम खाली ठेवायला आणखी एक कारण आहे. मेकला सापडलेलं पहिलं टार्गेट हेच त्याचं मुक्कामाचं ठिकाण. इन्क्लूडच्या वर 'डॉक्स:' लिहून ठेवलंत तर नुसता 'मेक' डॉक्युमेंटेशन बनवून थांबेल. वर लिहायचंच असेल तर सगळ्यात आधी एक रिकामं 'ऑल:' लिहा.

नुसतं 'सुडो मेक इन्स्टॉल'

ही दुसरी लाडकी चूक, आणि हिच्यात नुकसान जास्त होतं.

'सुडो' (ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवणारा) तुमचा पाथ, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या डिरेक्टरींची यादी, पुढे नेत नाही. डेबियन, उबंटू, रेड हॅट सगळीकडे सुडोअर्स या सुडोच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'सिक्युअर_पाथ' असतो आणि सुडोखालची कमांड तोच पाथ धरते. पीजीएक्सएसची अख्खी मांडणी 'पीजी_कॉन्फिग' या एका प्रोग्रामवर उभी आहे. मेक चालवताना तुमच्या पाथमधला एक पीजी_कॉन्फिग सापडतो, सुडोखाली दुसराच. बिल्ड एका व्हर्जनसाठी, इन्स्टॉल दुसऱ्या व्हर्जनच्या घरात.

एका ग्राहकाकडे उबंटू २२.०४ होतं. डिस्ट्रोबरोबर आलेलं पोस्टग्रेस १४ रिपोर्टिंगसाठी चालू होतं, आणि मुख्य डेटाबेस सोर्समधून बिल्ड केलेला १६, '/यूएसआर/लोकल/पीजीएसक्यूएल'मध्ये. तिथल्या ॲडमिनच्या पाथमध्ये १६ पुढे. त्याने मेक केला, १६ ची हेडर घेऊन '.एसओ' तयार झाली. मग सुडो मेक इन्स्टॉल. सुडोला '/यूएसआर/बिन'मधला १४ चा पीजी_कॉन्फिग मिळाला. '.एसओ' ताजी होती, त्यामुळे मेकने ती पुन्हा कंपाइल केली नाही. उचलून १४ च्या 'लिब'मध्ये ठेवली. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

१६ मध्ये 'क्रिएट एक्स्टेन्शन' केलं तर कंट्रोल फाइलच सापडेना. इथे थांबून 'पीजी_कॉन्फिग --शेअरडिर' एकदा साधं आणि एकदा सुडोखाली चालवलं असतं तर संपलं असतं. पण घाई. भल्या माणसाने तिन्ही फाइली हाताने १६ मध्ये कॉपी केल्या. चाललं. त्याच वेळी रिपोर्टिंगवाले ओरडायला लागले, कारण १४ मध्ये याच एक्स्टेन्शनचं जुनं रूप वापरात होतं आणि येणारं प्रत्येक नवं कनेक्शन 'इनकम्पॅटिबल लायब्ररी, व्हर्जन मिसमॅच' म्हणून आपटत होतं. (हा मेसेज येतो ते चांगलंच म्हणायचं. व्हर्जन ८.२ पासून प्रत्येक मॉड्यूलमध्ये 'पीजी_मॉड्यूल_मॅजिक' ही व्हर्जनची खूण असणं सक्तीचं केलं ते याचसाठी. हा अडसर नसता तर चुकीच्या हेडरनी बनलेली लायब्ररी मेमरीत शिरून काय वाटेल तो गोंधळ घालू शकली असती.) पुढे काही महिन्यांनी एक्स्टेन्शनची नवी आवृत्ती टाकली तेव्हा मेक इन्स्टॉल पुन्हा १४ मध्येच गेला आणि १६ मध्ये हाताने ठेवलेली जुनी फाइल चालत राहिली.

उपाय सोपा आहे, फक्त तो दोन्ही वेळा करायचा असतो. पूर्ण पत्ता कमांडवर द्या: 'मेक पीजी_कॉन्फिग=/यूएसआर/लोकल/पीजीएसक्यूएल/बिन/पीजी_कॉन्फिग', आणि इन्स्टॉलच्या वेळी सुडोपुढे तेच शब्द जसेच्या तसे. व्हेरिएबलचं नाव मात्र मोठ्या अक्षरांतच. कमांडवर दिलेली किंमत फाइलमधल्या साध्या '='ला हरवते, म्हणून मेकफाइल बदलायची गरज नाही. डेबियनच्या पॅकेजमध्ये हा प्रोग्राम '/यूएसआर/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/१६/बिन'मध्ये असतो, पोस्टग्रेसच्या स्वतःच्या आरपीएममध्ये '/यूएसआर/पीजीएसक्यूएल-१६/बिन'मध्ये. आणि एका व्हर्जनकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये 'मेक क्लीन' हवाच.

सुडोखाली एकही पीजी_कॉन्फिग सापडला नाही तर मजाच. 'पीजीएक्सएस' व्हेरिएबल रिकामं राहतं, आणि रिकाम्या नावाच्या इन्क्लूडवर ग्नू मेक (लिनक्सवरचा नेहमीचा मेक) तक्रारच करत नाही. मग शेवटी येतं, 'नो रूल टू मेक टार्गेट इन्स्टॉल'. लोक ही शेवटची ओळ वाचतात आणि मेकफाइलमध्ये इन्स्टॉलचा नियम स्वतः लिहायला बसतात! तिच्या वरच्या ओळीत पीजी_कॉन्फिग मिळाला नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. एरर वरून खाली वाचा. हे मी आता तोंडपाठ म्हणतो.

सुडो टाळायला 'लिब' डिरेक्टरीला ७७७ देणारेही भेटले आहेत. डेटाबेस सर्व्हर जिथून कोड उचलतो ती जागा सगळ्यांना लिहायला मोकळी, यावर मी आणखी काय बोलू?

स्वतःची 'कॉमन.एमके' असेल तर

सात-आठ एक्स्टेन्शन झाली की प्रत्येक टीम पीजीएक्सएसच्या वर आपली एक सामाईक फाइल घालते. घाला, पण दोन गोष्टी सांभाळा.

ग्नू मेक इन्क्लूडचा सापेक्ष पत्ता शोधतो तो मेक जिथे चालू आहे तिथून. इन्क्लूड करणारी फाइल कुठे आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. (बीएसडी मेक अवतरणातलं नाव आधी त्या फाइलच्या शेजारी शोधतो, म्हणून तिकडून आलेले हमखास फसतात.) त्यामुळे 'कॉमन.एमके'ने शेजारची 'फ्लॅग्ज.एमके' नुसत्या नावाने मागितली की एका डिरेक्टरीतून चालतं आणि दुसरीतून नाही. 'मेकफाइल_लिस्ट'मधला शेवटचा शब्द म्हणजे आत्ता वाचली जात असलेली फाइल. तिची डिरेक्टरी ':=' ने पहिल्याच ओळीत पकडून ठेवा. पहिल्याच ओळीत, कारण पुढचं इन्क्लूड झालं की शेवटचा शब्द बदलतो. साध्या '='ने पकडलीत तर ती वापराच्या वेळी उलगडेल, म्हणजे पकडलीच नाही.

आणि फाइल सापडत नाही म्हणून इन्क्लूडच्या आधी '-' लावणं बंद करा. ते चिन्ह डिपेंडन्सीच्या '.डी' फाइलींसाठी ठीक आहे, कारण पहिल्या बिल्डला त्या नसतातच. सामाईक फाइल गायब असताना मेकला गप्प बसवलं तर फ्लॅग न लागता बिल्ड होतं आणि कोणाला पत्ता लागत नाही.

बाकीच्या, भराभर

'पीजीएक्सएस.एमके' उघडून वाचा, अवश्य वाचा, पण तिच्यात बदल करू नका. पुढच्या पॅकेज अपडेटला बदल पुसला जाईल, आणि तोवर त्या मशीनवरचं प्रत्येक एक्स्टेन्शन तुमच्या बदलासह बनेल.

'मेक सीफ्लॅग्ज=-ओ०' असं कमांडवर दिलं की सर्व्हरच्या बिल्डमधून आलेले सगळे फ्लॅग उडतात, फाइलमधले '+='सुद्धा. जास्तीचा फ्लॅग हवा असेल तर 'सीओपीटी' द्या, तो शेवटी जोडला जातो. हेडरचे पत्ते 'पीजी_सीपीपीफ्लॅग्ज'मध्ये.

नवी अपग्रेड स्क्रिप्ट लिहिली आणि 'डेटा'च्या यादीत घातलीच नाही. इन्स्टॉल आनंदाने पार पडतं, 'ऑल्टर एक्स्टेन्शन अपडेट' म्हणतं मार्ग नाही.

व्हेरिएबलच्या ओळीवरच शेवटी '#' टाकून टीप लिहू नका. किंमत आणि '#' यांच्यामधल्या स्पेस किमतीचा भाग होतात, आणि पत्त्याच्या मागे स्पेस चिकटली की फाइली पुसणाऱ्या 'आरएम'ला एकाऐवजी दोन नावं मिळू शकतात.

'मिसिंग सेपरेटर' आलं तर बहुधा टॅबच्या जागी स्पेस आहेत. मेक जन्मला त्या १९७६ पासून तेच आहे. वेबपेजवरून कॉपी करणं कमी करा.

फ्रीबीएसडीवर 'जीमेक' वापरा. तिथला 'मेक' हा बीएसडीचा आहे, पीजीएक्सएसच्या अटींची भाषा त्याला कळत नाही.

क्लँग हा कंपायलर नाही म्हणून बिल्ड पडतंय? 'मेकफाइल.ग्लोबल'मध्ये सर्व्हर ज्या मशीनवर बनला तिथले पत्ते गोठलेले असतात. सर्व्हर एलएलव्हीएमसह बनलेला असेल तर व्हर्जन ११ पासून पीजीएक्सएस '.बीसी' फाइलीही (एलएलव्हीएमच्या रूपातला कोड) बनवायला जातो, आणि त्यासाठी त्याच पत्त्यावरचा क्लँग मागतो. सेंटओएस ७ वर तो '/ऑप्ट/आरएच/एलएलव्हीएम-टूलसेट-७'च्या आत शोधला जायचा आणि लोक त्या पत्त्यावर खोटी सिमलिंक ठोकून मोकळे व्हायचे. त्याऐवजी मेक आणि इन्स्टॉल दोन्हीला 'विथ_एलएलव्हीएम=नो' द्या. एक्स्टेन्शन व्यवस्थित चालतं, फक्त जिटला (क्वेरी चालताना कोड कंपाइल करणाऱ्या भागाला) त्यातली फंक्शन इनलाइन करता येत नाहीत.