टॅलीतली एंट्री कुठल्या कॉम्प्युटरवरून झाली? शोधताना या चुका टाळा

बिल गायब झालं किंवा पार्टीच्या खात्यातली रक्कम बदलली, की ऑफिसात प्रश्न ठरलेला: "कुठल्या कॉम्प्युटरवरून केलंय?" उत्तरही ठरलेलं: "लॉगमध्ये अॅडमिन दिसतंय." आणि तो अॅडमिनचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो.

एडिट लॉगला कॉम्प्युटरचं नाव विचारणं

१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना ऑडिट ट्रेल (प्रत्येक बदलाचा माग) ठेवणारं अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरणं सक्तीचं झालं. तेव्हापासून अनेकांना वाटतं, टॅलीत सगळंच सापडतं. एडिट लॉग, म्हणजे टॅलीतली बदलांची नोंदवही, सांगतो युजर, तारीख-वेळ आणि काय बदललं ते. कोणत्या खुर्चीसमोरच्या मशीनवरून, हे त्याला विचारू नका. पाच जण एकाच युजरने आत जात असतील तर तो 'कोण' हेही सांगत नाही. प्रोप्रायटरशिप आणि भागीदारी पेढ्यांना ही सक्ती नाही, म्हणून तिथे आधी लॉग चालू आहे का तेच बघा.

आणखी एक घोळ: व्हाउचरची तारीख म्हणजे एंट्री केल्याची तारीख नव्हे. ३१ मार्चचं व्हाउचर १२ जूनला घालता येतं. शोध लॉगमधल्या वेळेवरून सुरू करायचा.

डेटा सर्व्हरच्या शेअर फोल्डरमध्ये असेल तर मशीनचा माग सर्व्हरच्या विंडोजमध्ये असतो. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिक्युरिटी, 'फिल्टर करंट लॉग' आणि तिथे ४६२४ (यशस्वी लॉगऑनच्या नोंदीचा क्रमांक). प्रत्येक नोंदीत 'लॉगऑन टाइप' बघा. २ म्हणजे मशीनसमोर बसून, ३ म्हणजे नेटवर्कवरून (शेअर फोल्डर यातच येतो), ७ म्हणजे लॉक उघडून, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉपने. ५ असेल तर ती विंडोजची स्वतःची सर्व्हिस, सोडून द्या. टाइप ३ च्या नोंदीत 'सोर्स नेटवर्क अॅड्रेस' (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी) आणि बहुतेक वेळा 'वर्कस्टेशन नेम' (मशीनचं नाव) मिळतं. सगळ्या मशीनवर शेअरला एकच विंडोज पासवर्ड दिलेला असला तरी पत्ता वेगवेगळा येतो, हीच त्यातली जमेची बाजू.

इथे घाईची माणसं अडकतात. एंट्री दुपारी ४:१० ची, म्हणून ते ४:१० ची नोंद शोधतात आणि "काहीच नाही" म्हणून बंद करतात. नेटवर्कचं कनेक्शन सकाळी टॅली उघडताना जुळतं आणि फाइल उघडी असेपर्यंत टिकतं. म्हणजे नोंद सकाळी १०:०५ ची असू शकते. त्या दिवसाच्या टाइप ३ च्या सगळ्या नोंदी काढा आणि ४:१० ला कोणकोण जोडलेलं होतं ते मांडा. प्रकार आत्ता चालू असेल तर सोपं आहे: सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्स, तिथे सेशन्स आणि ओपन फाइल्स. जिवंत यादी समोर येते, फोटो काढून ठेवा.

आयपी मिळाला, म्हणजे चोर सापडला

या चुकीपायी निरपराध माणसं अडकतात. नेहमीचा प्रसंग घ्या. सोमवारच्या नोंदीत पत्ता निघतो १९२.१६८.१.२३. गुरुवारी कुणीतरी प्रत्येक मशीनवर आयपीकॉन्फिग (मशीनचा पत्ता दाखवणारी कमांड) मारत फिरतो, स्टोअरच्या कॉम्प्युटरवर २३ निघतो, आणि स्टोअरकीपरला केबिनमध्ये बोलावलं जातं. पण राउटर पत्ते वाटतो ते मुदतीने, अनेक राउटरांवर २४ तासांच्या. मधल्या दिवसांत स्टोअरचं मशीन बंद होतं, राउटर रीस्टार्ट झाला, आणि सोमवारचा २३ होता बिलिंगच्या लॅपटॉपचा. स्टोअरकीपरला विचारायला हवं होतं ते एवढंच, की सोमवारी त्याचं मशीन चालू तरी होतं का.

आयपी आणि मशीन यांची जोडी *त्या वेळची* लागते. राउटरच्या लीज यादीत (कुणाला कोणता पत्ता दिला त्या यादीत) आयपीसमोर मशीनच्या नेटवर्क कार्डाचा मॅक अॅड्रेस असतो. मशीनवर 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल' दिलं की 'फिजिकल अॅड्रेस' दिसतो, तो जुळवा. राउटर रीस्टार्ट करून "बघू या" म्हणणारा बहुतेक वेळा ती यादीच पुसतो. पत्ते विंडोज सर्व्हर वाटत असेल तर त्याच्या डीएचसीपी (पत्तेवाटपाच्या) लॉगची फाइल वाराच्या नावाने असते आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी तिच्यावरच लिहिलं जातं. सोमवारची फाइल पुढच्या सोमवारच्या आत कॉपी करा. वायफायवर मोबाइल किंवा लॅपटॉप बदलता मॅक दाखवू शकतो, तेही लक्षात ठेवा. ऑफिसच्या मशीनना पत्ते कायमचे बांधून द्यायला एक तास लागतो, पण ते काम सगळे नंतरवर ढकलतात.

क्लाउडवरचं सॉफ्टवेअर असेल तर लॉगमधला आयपी ऑफिसच्या इंटरनेट कनेक्शनचा असतो, मशीनचा नव्हे. मोबाइल डेटावर तर एकच पत्ता असंख्य ग्राहकांत वाटलेला असतो.

बाकीच्या चुका

वेळेची गल्लत. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसते ती स्थानिक वेळ, त्याच नोंदीच्या एक्सएमएलमध्ये (तपशिलाच्या कच्च्या रूपात) मात्र यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ. तिथलं १८:४० म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतरचे १२:१०, आणि तारीखही पुढची. जुन्या मशीनचं घड्याळ बोर्डावरचा सेल संपल्याने मागे पडलेलं असतं. फरक किती मिनिटांचा ते आधी कागदावर लिहा, घड्याळ नंतर दुरुस्त करा.

रिमोट अॅप विसरणं. मशीन बरोबर सापडलं, पण माणूस घरी बसून ॲनीडेस्कने आला होता. प्रोग्रॅमडेटा हे फोल्डर लपलेलं असतं. त्यात ॲनीडेस्कच्या फोल्डरात 'कनेक्शन ट्रेस' नावाची टेक्स्ट फाइल बघा, येणाऱ्याचा नंबर आणि वेळ मिळते. वेळ भारतीय धरण्याआधी स्वतः एक चाचणी कनेक्शन करून ताडा.

उशीर. सिक्युरिटी लॉगचा आकार मुळात २० एमबी असतो, भरला की जुन्या नोंदी जातात. गजबजलेल्या सर्व्हरवर तो काही दिवसांतच भरतो. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन आजच २०० एमबी करा. ११०२ क्रमांकाची नोंद दिसली तर लॉग कुणीतरी मुद्दाम साफ केलाय, आणि कोणत्या खात्यातून ते त्याच नोंदीत आहे.

स्क्रीनशॉटवर भागवणं. 'सेव्ह ऑल इव्हेंट्स अॅज' ने पूर्ण लॉग काढा, पेन ड्राइव्हवर घ्या, त्याच दिवशी त्या फाइलचं एसएचए-२५६ हॅश (फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा ठसा) काढून तारखेसह लिहून ठेवा. प्रकरण कोर्टात गेलं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश भरावं लागतं.

मशीन नक्की झालं तरी त्या मिनिटाला समोर कोण होतं हे वेगळं शोधावं लागतं. कॅमेऱ्याचं फुटेज बघणार असाल तर डीव्हीआरचं घड्याळही मोबाइलशी ताडून घ्या, आणि हार्ड डिस्क भरून जुनं पुसलं जायच्या आत तेवढा तास कॉपी करा.