नव्या संशोधनाविषयी शास्त्रज्ञांची मुलाखत कशी घ्यावी

शास्त्रज्ञांना भेटण्यापूर्वी त्यांचा शोधनिबंध स्वतः वाचावा. संस्थेच्या प्रसिद्धिपत्रकावर विसंबू नये. सगळा निबंध कळला नाही तरी अडत नाही, पण सारांश, आलेखांखालचा मजकूर आणि लेखकांनीच नमूद केलेल्या मर्यादा वाचायलाच हव्यात. निबंधाचे तज्ज्ञांकडून परीक्षण झाले आहे की तो अजून प्रीप्रिंटच (परीक्षणापूर्वी खुला केलेला मसुदा) आहे, हेही आधीच पाहून ठेवावे.

मुलाखतीतला बराचसा वेळ मात्र एका प्रश्नासाठी राखून ठेवावा: या निष्कर्षाची आपल्याला कितपत खात्री आहे, आणि ती कशाच्या आधारावर? जून 2023 मध्ये अतिशय कमी वारंवारितेच्या गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांचा, पुरावा मिळाल्याचे जगातील अनेक गटांनी एकाच वेळी जाहीर केले. त्यांपैकी युरोपीय गटासोबत काम करणाऱ्या भारत-जपान गटाची निरीक्षणे नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची होती. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची ही दुर्बीण पुणेकरांच्या परिचयाची आहे. पल्सार, म्हणजे नियमित रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांचे, स्पंद या लहरींमुळे पृथ्वीवर ठरल्या वेळेपेक्षा किंचित आधी वा नंतर पोहोचतात का, आणि निरनिराळ्या ताऱ्यांच्या बाबतीत या फरकांचा परस्परांशी मेळ बसतो का, हे त्यात तपासले होते. या युरोपीय-भारतीय निकालाची खात्री सुमारे तीन सिग्मा होती, म्हणजे तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता हजारात एकाच्या आसपास. भौतिकशास्त्रात शोध पक्का मानण्यासाठी सहसा पाच सिग्मा, म्हणजे सुमारे 35 लाखांत एक, एवढी कसोटी लावतात. हा आकडा विचारून घेतला नाही, तर बातमीत नको तेवढी ठामपणाची भाषा येते.

त्यानंतर, नेमकी कोणती चूक राहून गेली असेल तर हा निकाल कोसळेल, असे विचारावे. हा प्रश्न उद्धट वाटेल अशी भीती अनेकांना वाटते, परंतु चांगल्या संशोधकाने तो स्वतःला आधीच विचारलेला असतो. वरील उदाहरणात ताऱ्यांमधील विरळ वायूमुळेही स्पंदांना उशीर होतो आणि कमी वारंवारितेच्या रेडिओ लहरींना हा उशीर अधिक असल्यामुळे जीएमआरटीची निरीक्षणे त्याचा हिशेब मांडण्यास उपयोगी पडतात, अशी मोलाची माहिती याच प्रश्नातून हाती येते. अशी चूक खरोखरच राहून जाऊ शकते. 2011 मध्ये न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा वेगाने धावल्याचे ऑपेरा प्रयोगात दिसले होते. पुढे दोष निघाला तो नीट न बसलेल्या एका ऑप्टिकल फायबर केबलमध्ये.

वैद्यकीय संशोधनात धोका निम्मा झाला असे सांगितले गेल्यास, तो कितीवरून किती झाला आणि प्रयोग उंदरांवर होता की माणसांवर, एवढे न विसरता विचारावे.

बोलताना इंग्रजी संज्ञा आल्या तर येऊ द्याव्यात. प्रतिशब्द शोधण्याच्या नादात बोलण्याचा ओघ तुटतो, आणि ते काम लिहिताना करता येते. न कळलेल्या गोष्टीला मान डोलावू नये. आपल्याला जे समजले ते आपल्या शब्दांत पुन्हा सांगून दुरुस्त करून घ्यावे. निरोप घेण्यापूर्वी, आपल्या निष्कर्षाशी असहमत असलेल्या एखाद्या जाणकाराचे नाव सुचवाल का, असे विचारावे आणि मजकूर लिहायला बसण्याआधी त्यांच्याशीही बोलून घ्यावे.