घरचं एस्प्रेसो मशीन बदलायच्या आधी

मशीन बदलायचं एकदा डोक्यात शिरलं की माणूस व्हिडिओ बघत सुटतो आणि दोन तासांत त्याला ड्युअल बॉयलर, फ्लो कंट्रोल, रोटरी पंप सगळंच हवं असतं. त्याआधी एक करा, आत्ताच्या मशीनचं नेमकं काय खटकतंय ते लिहून काढा. कॉफी एक दिवस आंबट आणि दुसऱ्या दिवशी कडू होते? दुधाला वाफ पुरत नाही? की चार जणांची कॉफी करेपर्यंत पहिला कप गार होतो? ही तीन वेगळी दुखणी आहेत, एकाच औषधाने जात नाहीत, आणि पहिलं दुखणं तर बऱ्याचदा मशीनचं नसतंच.

ते असतं ग्राइंडरचं. कसंय, सुरुवातीच्या मशीनसोबत डबल वॉल बास्केट (कॉफीची पूड भरायची दुहेरी तळाची गाळणी) येते, तिच्या तळाला बाहेरून एकच बारीक भोक असतं आणि प्रेशर त्या भोकामुळे तयार होतं, कॉफीमुळे नाही, त्यामुळे ग्राइंड कसंही असलं तरी वर फेस दिसतो आणि आपण खूश. चांगल्या मशीनला सिंगल वॉल बास्केट असते, तिथे पाण्याला अडवणारी गोष्ट म्हणजे फक्त कॉफी, मग ग्राइंड जरा जाड झालं की २५-३० सेकंदांत पडायचा शॉट (एका वेळी निघणारी एस्प्रेसो) १० सेकंदांत भळाभळा पडून मोकळा. म्हणून नवीन मशीन घ्यायच्या आधी जुन्यालाच सिंगल वॉल बास्केट मिळत असेल तर ती आणा, ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या, १८ ग्रॅम कॉफी घालून ३६ ग्रॅम कपात काढा (बास्केट लहान असेल तर १४ घालून २८) आणि वेळ बघा. ग्राइंडर एक क्लिक बारीक केल्यावर शॉट १५ सेकंदांवरून एकदम ४५ वर जात असेल तर त्याच्या पायऱ्या एस्प्रेसोसाठी फार मोठ्या आहेत, आधी तो बदला, शक्यतो स्टेपलेस, म्हणजे पायऱ्या नसलेला, हवा तितकाच फिरणारा घ्या. ब्लेडवाला असेल तर टेस्टसुद्धा करू नका. दिवसाला दोन ब्लॅक शॉट पिणाऱ्याला चांगला हँड ग्राइंडर मस्त चालतो, फक्त लाइट रोस्ट दळताना दंडाचा व्यायाम होतो. मला विचाराल तर बजेटचा निम्मा भाग ग्राइंडरवर घाला, मशीन थोडं साधं घेतलं तरी चालेल.

आता बॉयलर, कारण खरा फरक आणि खरे पैसे इथेच आहेत. कॉफीला साधारण ९०-९६ डिग्रीचं पाणी लागतं आणि वाफेला १०० च्या बरंच वर जावं लागतं. सिंगल बॉयलरमध्ये दोन्ही कामं एकच टाकी करते, म्हणजे शॉट काढा, स्टीमचं बटण दाबा, थांबा, दूध फेसाळा, आणि परत शॉट काढायचा तर गरम पाणी सोडून टाकीचं तापमान खाली आणा. एका कपाला ठीक आहे, चार कपांना वैताग. हीट एक्स्चेंजरमध्ये मोठा बॉयलर कायम वाफेच्या तापमानाला असतो आणि त्याच्या आतून जाणाऱ्या नळीतून कॉफीचं ताजं पाणी तापत येतं, त्यामुळे शॉट आणि स्टीम एकाच वेळी होतं, पण मशीन नुसतं पडून राहिलं की नळीतलं पाणी जास्त तापतं, म्हणून आधी थोडं पाणी सोडून द्यायची सवय लावावी लागते. ड्युअल बॉयलरला ही कटकट नाही, दोन टाक्या, दोन वेगळी तापमानं, आणि त्या हिशेबाने वजन आणि किंमत. थर्मोब्लॉकवाली मशीन (टाकीऐवजी तापलेल्या ठोकळ्यातून जाताना पाणी गरम होतं) पटकन तापतात, काही तर सेकंदांत, पण लहान मशीनची वाफ जरा नाजूकच असते.

माझं सरळ मत, ब्लॅक पिणाऱ्याने ड्युअल बॉयलरच्या नादी लागू नये, पीआयडी असलेला सिंगल बॉयलर भरपूर झाला. पीआयडी म्हणजे तापमान एका जागी धरून ठेवणारा कंट्रोलर, साध्या थर्मोस्टॅटला पाणी कितीतरी डिग्री वरखाली होत राहतं आणि मग दिवा कधी लागला कधी विझला त्यावर डोळा ठेवून शॉट काढायचा खेळ करावा लागतो. रोज तीन-चार कॅपुचिनो होत असतील तर मात्र हीट एक्स्चेंजर किंवा ड्युअल, तिथे काटकसर करू नका.

चकचकीत क्रोमचं ई६१ ग्रुप हेड (जिथून पाणी कॉफीवर पडतं तो पुढचा भाग) बघून भल्याभल्यांचा जीव अडकतो. फाएमा या इटालियन कंपनीने १९६१ साली आणलेलं डिझाइन आहे, त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून नाव पडलं, आणि आजही ते धडाधड बनतंय. दिसतं देखणं, पण तो पितळेचा भारी ठोकळा पूर्ण तापायला अर्धा तास सहज लागतो. उठल्यावर १५ मिनिटांत घराबाहेर पडणाऱ्याने एकतर टायमर असलेलं घ्यावं किंवा ई६१ चा मोह सोडावा.

बॉक्सवर १५ बार, २० बार लिहिलेलं असतं त्याकडे बघूच नका, ती पंपाची कमाल ताकद असते. कॉफीवर पाहिजे ९ बारच्या आसपास, आणि ते ओपीव्ही नावाचा व्हॉल्व्ह ठरवतो, तो ॲडजस्ट होतो का ते विचारा. गॅगिया क्लासिक या मशीनमध्ये त्याची स्प्रिंग बदलून प्रेशर खाली आणायचा उद्योग लोक कित्येक वर्षं करतायत. पोर्टाफिल्टर (बास्केट बसते तो दांडीवाला भाग) ५८ मिमीचा असेल तर बास्केट, टॅम्पर (पूड दाबायचा ठोकळा) सगळं मुबलक मिळतं, ५४ आणि ५१ ला पर्याय कमी. थ्री-वे सोलेनॉइड व्हॉल्व्ह असेल तर शॉट संपताच प्रेशर सुटतं, पक (वापरलेल्या कॉफीची चकती) कोरडा पडतो आणि बॅकफ्लश (पाणी उलटं फिरवून ग्रुपची आतून सफाई) करता येतो. आणि हो, जागा मोजा, वरच्या कपाटाला अडकून पाण्याची टाकीच निघत नाही असं व्हायला नको.

सेकंडहँड घ्यायला मी तरी घाबरत नाही, ही मशीन दुरुस्त होण्यासाठीच बनलेली असतात. विकणाऱ्याला सांगा, मशीन आधी तापवून ठेवू नका, थंड असतानाच बघायचंय, म्हणजे सुरू होण्यापासूनचं सगळं तुमच्यासमोर होतं. ग्रुपच्या खालची जाळी बहुतेक मशीनमध्ये एका स्क्रूवर असते, ती काढून मागून बघा. काळं तेलकट किटण म्हणजे कोणी बॅकफ्लश केला नाही, ते धुऊन जातं. पण जोडांवर पांढरे-हिरवे खडे साचलेले दिसले तर तिथून पाणी गळतंय आणि आतही क्षार असणार, तिथे भाव पाडा नाहीतर निघा. स्टीम अर्धा मिनिट सलग सोडून बघा, सुरुवातीला थोडं पाणी थुंकणार, नंतर वाफ कोरडी पाहिजे. ग्रुपचं गॅस्केट (रबरी रिंग) कडक झालं असेल तर ते स्वस्तात बदलतं, त्यावरून व्यवहार मोडू नका.

पाणी जड असेल तर मऊ करून घाला, पण एकदम डिस्टिल्ड नको, बऱ्याच बॉयलरमधला लेव्हल सेन्सर पाण्यातल्या क्षारांवर चालतो, त्याला टाकी रिकामीच वाटते.

नवीन मशीन आलं की बीन्स लगेच बदलू नका. त्याच बीन्स, तेच १८ आणि ३६, फक्त ग्राइंड हलवत राहा, आणि वेळ जागेवर आली की मगच तापमानाला हात लावा, लाइट रोस्टला एक-दोन डिग्री वर, डार्कला खाली. दोन्ही एकदम फिरवलंत तर चव कशाने बदलली तेच कळणार नाही.