बँडसॉचं ब्लेड घेताना आधी जोड पाहा

"भाऊ, कोणत्या कंपनीचं ब्लेड चांगलं?" हा प्रश्न माझ्याकडे रोज येतो. नागपूरच्या लकडगंजात माझं बँडसॉच्या, म्हणजे दोन चाकांवर गोल फिरणाऱ्या पट्टीच्या करवतीच्या, ब्लेडला धार लावायचं आणि पट्टीची दोन टोकं जोडायचं, म्हणजे जोड मारायचं, काम आहे. नवं ब्लेड मी विकत नाही, त्यामुळे कोणाची तरफदारी करायची मला गरज नाही. लोक माझ्याकडे येतात ते तुटलेलं, भोथरं झालेलं किंवा सरळ रेषा सोडून पळणारं ब्लेड घेऊन. त्या तुकड्यांकडे पाहून मला जे कळतं, ते दुकानात जायच्या आधी तुम्हाला कळलं तर पैसे वाचतील.

कंपनीचं नाव महत्त्वाचं आहेच, पण ते नंतर येतं. लाकूड कापायचं ब्लेड आपल्याकडे बहुतेक वेळा कॉईलमधून, म्हणजे गुंडाळलेल्या लांब पट्टीतून, कापून, जोडून मिळतं. कॉईल स्वीडनची असो की जर्मनीची, जोड नागपूरचाच असतो. आणि वेळेआधी तुटलेली ब्लेडं मी पाहतो तेव्हा त्यातली बरीचशी जोडावर किंवा जोडाच्या अगदी शेजारी तुटलेली असतात.

आधी मापं घ्या. लांबी, रुंदी, जाडी आणि एका इंचात किती दात, एवढं कागदावर लिहूनच घराबाहेर पडा. जुनं ब्लेड असेल तर त्याच्या बाहेरच्या सपाट अंगावर खडूची खूण करा आणि ते फरशीवर सरळ रेषेत एक पूर्ण फेरी फिरवा. खूण पुन्हा खाली टेकेपर्यंतचं अंतर म्हणजे लांबी. ब्लेड नसेल तर वरचं चाक टेन्शनच्या, म्हणजे ब्लेड ताणायच्या, स्क्रूच्या आट्यांच्या मधोमध आणून ठेवा, दोन्ही चाकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा, ते दुप्पट करा आणि त्यात चाकाचा व्यास गुणिले ३.१४ मिळवा. १४ इंची चाक म्हणजे ३५५ मिमी. मध्यांमधलं अंतर ६३० मिमी असेल तर १२६० अधिक १११५, म्हणजे २३७५ मिमी. १४ इंची मशीनवर हे माप नेहमी सापडतं. चाक अगदी वर ओढून मोजलं, तर ब्लेड लांब होतं आणि मग टेन्शन बसतच नाही.

जाडीकडे कोणी पाहत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. १४ इंची चाकाला ०.५ ते ०.६५ मिमी जाडीची पट्टी पुरे. १८ इंचीला ०.८ पर्यंत चालते. ०.९ मिमीची पट्टी २४ इंच किंवा त्याहून मोठ्या चाकांसाठी आहे. लकडगंजात मोठ्या आरामशीनींचं काम जास्त, त्यामुळे दुकानात जाड पट्टी सहज हाताला लागते. दुकानदार म्हणतो, "घ्या ना भाऊ, जाड आहे, मजबूत आहे." जाड पट्टी लहान चाकावर मजबूत नसते. १४ इंची मशीनवर ब्लेड मिनिटाला साधारण ९०० मीटर पळतं. २३७५ मिमीचं ब्लेड म्हणजे मिनिटाला पावणेचारशेच्या वर फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत दोन चाकांवर दोनदा वाकणं. तासाला ४५ हजारांच्या वर वेळा पट्टी वाकते आणि सरळ होते. जाडी दुप्पट केली की त्याच चाकावर वाकताना पट्टीच्या बाहेरच्या अंगावर येणारा ताणही दुप्पट होतो. मग दातांच्या मुळाशी केसाएवढी चीर पडते आणि एके दिवशी फाडकन आवाज येतो. व्हर्नियर कॅलिपर खिशात ठेवा. जाडी दातांवर मोजू नका, पाठीवर, म्हणजे दातांच्या उलट कडेवर, मोजा.

रुंदीचं सोपं आहे. सरळ चिराईसाठी मशीनला झेपेल तेवढी रुंद पट्टी घ्या. वळणं कापायची असतील तर ६ मिमीचं ब्लेड साधारण १६ मिमी त्रिज्येत वळतं, १० मिमीचं दीड इंचाच्या आसपास, आणि १३ मिमीचं अडीच इंचाच्या आत नेलं की पाठ लाकडाला घासायला लागते. मशीनच्या कागदावर जास्तीत जास्त रुंदी लिहिलेली असते. प्रत्यक्षात तेवढ्या रुंद पट्टीला पुरेसं टेन्शन द्यायची ताकद लहान मशीनच्या स्प्रिंगमध्ये क्वचित असते. १४ इंची मशीनवर १९ मिमीचं चढवण्यापेक्षा १३ मिमीचं चढवून ते नीट ताणा, काप जास्त सरळ येईल.

दातांचा हिशेब लाकडाच्या जाडीवर करा. कापताना लाकडात एका वेळी कमीत कमी ३ दात असले पाहिजेत, ६ ते १२ असले तर उत्तम, आणि २४ च्या वर गेले तर भुसा बाहेर पडायला जागाच उरत नाही. सहा इंच उंचीचा सागवान चिरायचा तर इंचाला ३ दात, पुढे झुकलेले, हुक आकाराचे. एक-दीड इंची फळीच्या रोजच्या कामाला ४ ते ६. अर्ध्या इंचाच्या प्लायला १० ते १४. "बारीक दात म्हणजे साफ काप" या समजुतीने जाड लाकडाला बारीक दातांचं ब्लेड लावणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या ब्लेडला गरम होऊन निळी झाक आलेली असते, आणि दातांमधल्या खाचांत भुसा जळून घट्ट बसलेला असतो.

आता धातू. साधं कार्बन स्टीलचं ब्लेड स्वस्त. बायमेटलमध्ये पाठ स्प्रिंग स्टीलची आणि दातांची कड हाय स्पीड स्टीलची असते. एम४२ हा ग्रेड लिहिलेला असेल तर त्या कडेत ८ टक्के कोबाल्ट आहे. कार्बाइड टिपचं, म्हणजे दातांच्या टोकांना कडक कार्बाइड लावलेलं, सगळ्यात महाग, ते रोज चिराई करणाऱ्यानेच घ्यावं. नव्या संसद भवनासाठी नागपूरहून सागवान गेलं याचा आपल्याला अभिमान आहे, पण सागवान ब्लेड खातं. त्याच्या अंगातच सिलिका असते, म्हणजे बारीक रेतीवर दात घासल्यासारखं होतं. पाइन किंवा आंब्याचं काम असेल तर कार्बन ब्लेड घ्या आणि भोथरं झालं की बदला. दिवसभर सागवान चिरत असाल तर बायमेटलचा खर्च निघतो. रुंद ब्लेडांसाठी स्वीडिश पट्टीचं नाव जुने लोक घेतात, ते उगाच नाही. १५एन२० नावाच्या ग्रेडमध्ये साधारण २ टक्के निकेल असतं, त्याने पट्टी चिवट राहते.

बायमेटल शोधत हिंगणा एमआयडीसीकडे गेलात तर एक गोष्ट सांभाळा. तिकडे बायमेटल लोखंड कापायला विकलं जातं. २७ मिमी रुंद आणि ०.९ जाड, किंवा ३४ रुंद आणि १.१ जाड, ही त्याची ठरलेली मापं. दात चांगले असतात, पण पट्टी तुमच्या लहान चाकांसाठी नाही आणि दातांमधली खाच लाकडाच्या भुशासाठी फार उथळ. उरलेला तुकडा स्वस्तात देतो म्हणाले तरी घेऊ नका. बाहको, लेनॉक्स, विकुस, स्टारेट अशी नावं ऐकाल; लाकडासाठीची पट्टी आहे का, हे वेगळं विचारा. आणि नाव खोक्यावर पाहू नका. नामांकित कॉईलच्या अंगावर बहुधा ठराविक अंतराने छपाई किंवा कोरीव खूण येते. दुकानदाराला कॉईल दाखवायला सांगा, तुमचा तुकडा तुमच्यासमोर कापू द्या.

पट्टी हातात आली की उजेडाकडे धरून दातांच्या रांगेवरून नजर टाका. एक दात डावीकडे, एक उजवीकडे, काही प्रकारांत मधे एक सरळ. दोन्ही बाजूंचं झुकणं सारखं हवं. एका अंगाला जास्त असेल तर ब्लेड त्याच अंगाला पळणार, मग तुम्ही गाईड, म्हणजे ब्लेडला दोन्ही अंगांनी सांभाळणारे आधार, कितीही हलवा. लोक म्हणतात मशीनची अलाइनमेंट गेली. पुष्कळदा मशीन बरोबर असतं. त्यानंतर पट्टी फरशीवर पसरून पाठीला स्टीलची फूटपट्टी लावून पाहा, पाठ सरळ आहे का.

आणि मग जोड. इथे घाई करू नका. चांगला जोड कसा मारतात ते आधी सांगतो, म्हणजे काय पाहायचं ते कळेल. पट्टीची दोन्ही टोकं काटकोनात घासायची, जोडणीच्या मशीनच्या दोन जबड्यांत समोरासमोर पकडायची, करंट द्यायचा. टोकं वितळून एकमेकांत घुसतात आणि मधे फुगवटा येतो. त्या क्षणी तो जोड काचेइतका ठिसूळ असतो, हलक्या हाताने वाकवला तरी तुटेल. म्हणून त्याला पुन्हा गरम करावं लागतं. बटण थोडं थोडं दाबत मंद लाल रंग येईपर्यंत नेतात, आणि मग दाबणं कमी करत करत हळूहळू थंड होऊ देतात. मी या वेळी दिवा बंद करतो, कारण ट्यूबलाइटच्या उजेडात मंद लाल दिसतच नाही आणि माणूस नकळत जास्त तापवतो. घाईत कोणी त्यावर ओलं फडकं लावलं किंवा पंख्याखाली धरलं तर ते ब्लेड घेऊ नका. शेवटी फुगवटा घासून पट्टीच्या जाडीला आणायचा.

आता तुमची पाळी. जोडावरून नख फिरवा, दोन्ही अंगांनी आणि पाठीवरून. नख अडकलं तर तो उंचवटा गाईडवर प्रत्येक फेरीत टकटक करणार. घासल्याचे ओरखडे कोणत्या दिशेने आहेत ते पाहा. पट्टीच्या लांबीला धरून असले तर ठीक. आडवे असले तर प्रत्येक ओरखडा चिरेची सुरुवात आहे, बारीक पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने काढून मागा. जोडाजवळच्या दोन दातांतलं अंतर बाकीच्यांसारखंच असावं. मग जोड मध्यभागी येईल असं ब्लेड दोन्ही हातांत धरून हळू कमान करा. पूर्ण कमान एकसारखी गोल आली पाहिजे. जोडाची जागा सपाट राहिली तर जोड जाड किंवा कडक आहे, तिथे कोन पडला तर तो जास्त तापून नरम झाला आहे. हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा असू द्या, आणि हे सगळं पैसे द्यायच्या आधी करा. काही दुकानदार तोंड वाकडं करतात. करू द्या.

तुटलेलं ब्लेड फेकू नका, दोन्ही टोकं सोबत आणा. जोडावरच सरळ, चकचकीत दाणेदार तुटलं असेल तर जोड नरम केलाच नाही. जोडणाऱ्याकडे फुकट जोडून मागायचा तुम्हाला हक्क आहे. जोडापासून दूर, दातांच्या मुळातून चीर निघाली असेल तर ब्लेड भोथरं असताना रेटलं, टेन्शन फार दिलं, नाहीतर पट्टी चाकाला जाड पडली. पाठीकडून चीर आली असेल तर मागचं बेअरिंग तपासा, ते जाम झालेलं असतं किंवा ब्लेडला सतत टेकवून ठेवलेलं असतं. या तिन्हींत नवी कंपनी शोधून उपयोग फक्त पहिल्याला, तोही दुकान बदलून.

कुठे घ्यायचं? लकडगंजात चिराईच्या रुंद पट्ट्या, इतवारीतल्या हार्डवेअरवाल्यांकडे लहान मशीनची तयार ब्लेडं, आणि ऑनलाइन १४ इंची मशीनची ठरलेली मापं. ऑनलाइन घेतलेल्याचा जोड आल्याबरोबर तपासा, परत करायची मुदत निघून जाते.

नवं ब्लेड चढवलं की पहिली काही मिनिटं लाकूड हलक्या हाताने द्या, दातांचं कोवळं टोक मोडत नाही. काम संपलं की टेन्शन सैल करा. नागपूरच्या मे महिन्यात टिनाच्या शेडखाली तापलेलं ब्लेड रात्री थंड होऊन आखडतं, ताण आणखी वाढतो, आणि चाकावरच्या रबराला खड्डा पडतो तो वेगळा. पावसाळ्यात लटकवून ठेवायच्या आधी तेलाचं फडकं फिरवा. चिकट राळ रॉकेलने निघते, पण ते मशीन बंद असतानाच.

धार लावायला आणायचं असेल तर आधी घरी एका दातावर कानस फिरवून पाहा. कानस धरली तर दात नरम आहेत आणि हाताने धार होते. घसरली तर दात कडक केलेले आहेत, त्याला ग्राइंडरचं चाकच लागेल. जे काही असेल ते, आणि ब्लेड शेवटी कोणत्या अंगाला पळत होतं तेही, चिठ्ठीवर लिहून ब्लेडला बांधून आणा. त्यावरून आधी कोणत्या बाजूचे दात पाहायचे ते मला कळतं.