पालेभाजी आधी धुवा, मग चिरा

पूर्वी मी पालक चिरून मग चाळणीत धरायचे. चिरल्यावर धुतलं की जीवनसत्त्वं पाण्याबरोबर जातात आणि माती मात्र दाताखाली कचकचते! आता जुडी सोडवते, मुळं कापते, पानं मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवून हलवते. पाच मिनिटं थांबायचं. मग पानं हातांनी वर उचलून घ्यायची. पातेलं चाळणीत ओतलंत, तर तळाला बसलेली माती परत पानांवर. तळ स्वच्छ दिसेपर्यंत हेच, माझं बहुधा तिसऱ्या पाण्याला होतं. शेवटी नळाखाली एकदा.

फ्लॉवरचे तुरे कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, अळ्या वर येतात. कलिंगडाची साल खायची नसली तरी ब्रशने घासा, कारण सालीवरचे जंतू सुरीबरोबर आत जातात. साबण नको, सालीत मुरतो. आणि हो, आधी स्वतःचे हात धुवा, २० सेकंद तरी.

द्राक्षं, स्ट्रॉबेरी खायच्या वेळीच धुवायची. ओली ठेवली की बुरशी धरतात. माझा एक अख्खा डबा असाच गेलाय.