फोर्क ऑईल भरताना या चुका टाळा

फोर्कमधून, म्हणजे मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपमधून, ऑईल गळतंय म्हणून गाडी आली की मी आधी एकच प्रश्न विचारतो: शेवटचं ऑईल भरलं तेव्हा पातळी मोजली होती का? उत्तर बहुतेक वेळा असं येतं, "हो, मापानेच टाकलं होतं." माप म्हणजे मिली. पातळी कोणी बघितलेलीच नसते, आणि सगळा घोटाळा तिथेच असतो.

मॅन्युअलमध्ये दिलेले मिली बहुतेक वेळा पूर्ण खोललेल्या, धुवून कोरड्या केलेल्या फोर्कसाठी असतात. नुसता उपडा करून रिकामा केलेला फोर्क रिकामा होत नाही. डॅम्परच्या (फोर्कची हालचाल आवरणाऱ्या भागाच्या) आत, बारीक भोकांच्या मागे, तळाशी बरंच ऑईल अडकून राहतं. त्यावर पूर्ण माप ओतलं की पातळी वर चढते. हिरोच्या एक्सपल्ससारख्या गाडीच्या 37 मिमीच्या फोर्क पाइपाचा आतला व्यास साधारण 33 मिमी धरा. मग साडेआठ मिली ऑईल म्हणजे पातळीत तब्बल 10 मिमीचा फरक. आत राहिलेलं ऑईल 40 मिली असेल तर काय होईल, ते तुम्हीच बघा.

असाच एक मुलगा एक्सपल्स घेऊन आला. मुळशीच्या बाजूला दगडधोंड्यांत गाडी घालणारा, हात चांगला. फोर्कच्या उजव्या पायाचं, म्हणजे उजव्या नळीचं, सील (ऑईल अडवणारं रबर) फुटलं, गॅरेजमध्ये बदललं, थोड्याच दिवसांत परत फुटलं. तिथे त्याला सांगितलं की सील डुप्लिकेट निघालं. दुसऱ्यांदा बदलून झाल्यावर हँडल दाबलं तर पुढचं चाक काठीसारखं ताठ लागलं, म्हणून गाडी पुन्हा रानात नेण्याआधी तो माझ्याकडे आला. दोन्ही पाय काढले, स्प्रिंगा बाहेर घेतल्या, पाय पूर्ण दाबून पातळी मोजली. डाव्यात वरच्या कडेपासून ऑईलपर्यंत 14 सेंमी, उजव्यात 6. उजवा पाय पंप न करता नुसता उपडा केला होता, वर पूर्ण माप टाकलं होतं, आणि "जरा कडक राहील" म्हणून आणखी थोडं.

या 8 सेंमीचा अर्थ नीट समजून घ्या. ऑईल दाबलं जात नाही, त्याच्या वरची हवा दाबली जाते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबला की शेवटी शेवटी तो जसा अडतो, तसंच फोर्कमध्ये होतं. या गाडीचा पुढचा ट्रॅव्हल, म्हणजे फोर्क जेवढा दबू शकतो ते अंतर, 190 मिमी. ढोबळ हिशोबाने डाव्या पायात हवेचा 330 मिमीचा स्तंभ 140 वर येतो, म्हणजे दाब सव्वादोन पटींच्या थोडा वर. उजव्यात 250 चा 60 वर येतो, म्हणजे चार पटींहून जास्त. प्रत्येक मोठ्या दणक्याला तो दाब सीलच्या ओठावर बसत होता. सीलचा त्यात काही दोष नव्हता. दोन्ही पाय धुतले, दोन्हींत नवं ऑईल भरलं, पातळी सारखी केली. तेच सील पुढे अख्खा पावसाळा टिकलं.

माझी पद्धत सांगतो. पाय व्हाइसमध्ये (शिकंज्यात) सरळ उभा, स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण खाली. ऑईल लागतं त्यापेक्षा थोडं जास्त ओततो आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू पंप करतो. मग पाय तसाच ठेवून दुसऱ्या कामाला लागतो, कारण बारीक हवा वर यायला वेळ लागतो. घाई करणारे इथेच फसतात: फेस मोजून मोकळे होतात आणि संध्याकाळी पातळी खाली गेलेली असते. शेवटी मेडिकलमधून आणलेली मोठी सिरिंज, तिला पातळ पितळी नळी, नळीवर वायरिंगचा रबरी ग्रोमेट. ग्रोमेट हव्या त्या मापावर सरकवायचा, पाइपाच्या कडेवर टेकवायचा आणि ओढायचं. नळीत हवा आली की पातळी जमली. ही सिरिंज शंभर-दोनशे रुपयांत तयार होते, तरी लोक डोळ्यांनी अंदाज करत बसतात, हे मला खरंच कळत नाही.

सुरुवात मॅन्युअलच्या आकड्यापासूनच करा. पाइपावर एक झिपटाय बांधा, नेहमीच्या रस्त्यावर चालवा, ट्रॅव्हल किती वापरला जातो ते बघा. मोठ्या दणक्याला तळ लागत असेल तर पातळी 5 मिमी वर घ्या. एका वेळी 5 मिमीच. ट्रायल्सच्या (दगड-अडथळ्यांवरून हळू तोल सांभाळत जायच्या खेळाच्या) गाड्यांवर तर एवढा फरकही हाताला कळतो, कारण तिथे वेग जवळपास नसतो आणि पायरीवरून चाक उतरलं की सगळं वजन फोर्कवरच येतं. त्यातल्या काही गाड्यांत दोन पायांची कामं वेगळी असतात, तेव्हा पातळ्याही वेगळ्या असू शकतात. तिथे "दोन्ही सारखे" हा नियम लावू नका.

दुसरी चूक मला याहून जास्त खटकते. ब्रेक मारल्यावर गाडी पुढे झुकते, म्हणून लोक जाड ऑईल भरतात. जाड ऑईल फक्त हालचालीचा वेग कमी करतं. गाडी झुकायची तेवढी झुकतेच, जरा उशिरा. आणि खडबडीत रस्त्यावर एका दगडानंतर फोर्क परत वर यायच्या आत दुसरा दगड येतो, मग फोर्क दबत दबत खालीच राहतो. स्प्रिंग मऊ असेल तर स्प्रिंग बदला किंवा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) बघा. बाटलीवरच्या 10डब्ल्यू या जाडीच्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. एका कंपनीचं 10डब्ल्यू दुसऱ्या कंपनीच्या 5डब्ल्यूच्या जवळ असू शकतं. डेटाशीटवर 40 अंशांना किती सेंटिस्टोक (ऑईलच्या जाडीचं माप) दिले आहेत, ते जुळवा. आणि 20डब्ल्यू-40 इंजिन ऑईल फोर्कमध्ये ओतणाऱ्याच्या हातात गाडी देऊच नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. वरची टोपी पाय क्लॅम्पमध्ये (पाय धरून ठेवणाऱ्या पकडीत) असतानाच सैल करा, पण आधी वरच्या क्लॅम्पचा बोल्ट ढिला करा. टोपी शेवटच्या आट्याला स्प्रिंगच्या जोराने उडते, तोंड बाजूला ठेवा. ऑईल एकाच पायातलं बदलू नका. तळाच्या बोल्टचं तांब्याचं वॉशर जुनंच परत लावू नका.

पावसाळ्यात सील गळायला लागलं तर लगेच नवं मागवू नका. आधी डस्ट सील (बाहेरचं, धूळ अडवणारं रबर) वर सरकवा, जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापून तिला हुकासारखी खाच द्या आणि सीलच्या ओठाखालून फिरवा. बऱ्याचदा चिखलाचा एक कण निघतो आणि गळती थांबते. चाक परत बसवताना एक्सल घट्ट करा, गाडी स्टँडवरून उतरवून पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा जोरात दाबा, आणि मगच पिंच बोल्ट (एक्सलला पायात पकडून ठेवणारा) आवळा. नाहीतर दोन पाय एकमेकांशी तिरके राहतात, फोर्क अडकत चालतो, आणि गिऱ्हाईक ऑईलची पातळी चुकली म्हणत परत येतं.